अक्कांचं न मिटलेलं भांडण

अक्कांच्या घरी मी कामाचं विचारायला पहिल्यांदा गेले, तेव्हा आत एक बाई आणि एक पुरुष इतक्या जोरात भांडत होते की मी बेल न वाजवताच जिना उतरले. नवरा-बायकोच्या भांडणात पहिल्याच दिवशी कशाला पडायचं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर घर शांत होतं. उंच, हाडकुळ्या, पांढरे केस आखूड कापलेल्या एका बाईंनी दार उघडलं.

"काल येणार होतीस ना? का नाही आलीस?"

मी खाली बघत म्हटलं, "आले होते. साहेब रागावले होते, म्हणून परत गेले."

त्या दाराची कडी धरून हसायला लागल्या. "अय्यो! ते साहेब नव्हेत माझे. ते वाघमारे. आणि रागावले नव्हते ग ते, चुकत होते."

अक्कांचं नाव शांता. माहेर-सासर काही नाही, लग्नच केलं नव्हतं. मूळच्या दुधनीच्या. घरात कानडी बोलणारी माणसं, म्हणून कॉलेजातली पोरंसुद्धा त्यांना मॅडम न म्हणता अक्का म्हणायची. आयुष्यभर त्यांनी जीवरसायन शिकवलं. मी लागले तेव्हा त्या निवृत्त होऊन जुळे सोलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. वाघमारे सर त्याच कॉलेजात रसायन शिकवायचे, तेही निवृत्त. ते करकंबच्या बाजूचे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. नळाला पाणी यायचा दिवस सोडला तर बाकी दिवशी दुपारी चार वाजता ते जिना चढून यायचे. पाण्याच्या दिवशी अक्कांचं लक्ष टाकीकडे असायचं, आणि लक्ष नसलेल्या माणसाशी वाद घालण्यात सरांना मजा वाटायची नाही.

अक्का बसून चहा पीत नसत. कप हातात घेऊन स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून कपाटाकडे, तिथून परत. वाचतानाही तसंच. सर मात्र एकदा खुर्चीत बसले की गणपती बसवल्यासारखे.

"मॅडम, जरा टेका की. तुमच्याकडं बघून माझी मान दुखायला लागली."

"मी बसले की विचार थांबतो."

"मग थांबू द्या की थोडा. जगाला बी आराम मिळंल."

सर शुद्ध बोलायचे. कॉलेजात तर म्हणे पुस्तकासारखं बोलायचे. पण वाद रंगात आला की त्यांचं 'आहे' जाऊन 'हाय' यायचं, 'खूप' जाऊन 'लई' यायचं. अक्कांचं तसंच, हरायला लागल्या की कानडी सुरू. दोघं एकाच वेळी बोलायला लागले की सर गावाकडचं आणि अक्का कानडी. आणि मधेमधे इंग्रजी शब्द. मी आत पोळ्या लाटत असायची आणि मला वाटायचं, ह्यांना एकमेकांचं ऐकू तरी येतं का? पण यायचं. एक शब्द सुटायचा नाही.

अक्कांचा एक शब्द होता, पुरावा. मी म्हणावं, अक्का, दूधवाला पाणी घालतोय. त्या म्हणणार, पुरावा? मी म्हणावं, खालच्या मजल्यावरची सून सासूला उपाशी ठेवते म्हणतात. पुरावा? आणि पुरावा नसला की त्या बोलणं तिथंच तोडायच्या. रागावून नाही. भाजीत मीठ कमी असलं की सांगावं, तसं. हळूहळू मलाही ती सवय लागली. एकदा घरी नणंद म्हणाली, वहिनीच्या माहेरच्यांनी काहीतरी केलंय, म्हणून आईचे गुडघे धरलेत. मी इतकी वर्षं सगळं ऐकून घेणारी, माझ्या तोंडून निघालं, "पुरावा?" नणंद दोन महिने बोलली नाही. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघ. एका शब्दानं घर किती शांत होतं."

ह्या दोघांचा वाद कशाचा, हे मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. मी विचारलंही नाही. मला विचारता येत नाही. कुणी आलेलं असलं की मी स्वयंपाकघराच्या बाहेरसुद्धा येत नसे. अक्कांनीच एकदा मला ओट्याशी उभं केलं आणि कडक भाकरीचा तुकडा हातात दिला.

"चाव. मी सांगेपर्यंत गिळायचं नाही."

मी चावत राहिले. त्या माझ्याभोवती फेऱ्या मारत राहिल्या.

"गोड लागायला लागलं?"

मी मान हलवली.

"पिठात साखर घातली होतीस?"

"नाही."

"मग आली कुठून?"

मग त्यांनी सांगितलं. आपल्या लाळेत एक प्रथिन असतं. अशा काम करणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम म्हणतात. भाकरीच्या पिठात साखरेच्या लांब लांब साखळ्या असतात, त्या हे एन्झाइम तोडतं. ते नसतं तर भाकरी नुसती ओली करून ठेवली असती आणि माझ्या नातवंडांची नातवंडं म्हातारी झाली तरी ती गोड झाली नसती. एन्झाइम आलं की चुटकीसरशी होतं. असं का होतं, ह्याच्यावर त्यांचा वाद होता.

मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. एका वस्तूची दुसरी वस्तू व्हायची तर मधे एक घाट असतो, तो चढून जावा लागतो. एन्झाइमच्या अंगात एक खळगा असतो. वस्तू त्या खळग्यात जाऊन बसते आणि घाट सोपा होतो. इथपर्यंत दोघांचं एकमत. एन्झाइम कधी स्वस्थ नसतं, सारखं थरथरतं, वाकतं, उघडतं, मिटतं. हेही दोघांना मान्य. पुढे फाटा फुटायचा. सर म्हणायचे, खळगा मुळातच असा घडवलेला आहे, त्याच्या भिंतींवर विजेचे भार अशा नेमक्या जागी आहेत, की घाटच बुटका होतो. हलणं लागतं ते वस्तूला आत घ्यायला आणि बाहेर सोडायला. घाट ओलांडण्यात त्याचा हात नाही. अक्का म्हणायच्या, हात आहे. ते थरथरणंच वस्तूला नेमक्या क्षणी नेमक्या बाजूनं रेटतं. हलणं हा कामाचाच भाग आहे.

एवढंच. जगात मोठमोठी माणसं ह्याच्यावर भांडतात आणि अजून मिटलेलं नाही, असं सर सांगायचे. मला तेव्हा हसू यायचं. आमच्या पूर्व भागात भिंतीवरून आणि नळावरून भांडणं होतात, ह्यांची डोळ्यांना न दिसणाऱ्या खळग्यावरून.

एकदा सर म्हणाले, "मॅडम, यंत्रमाग चालतो तेव्हा अख्खी शेड हादरते. म्हणून हादऱ्यानं चादर विणली जाते, असं म्हणाल का तुमी?"

अक्का गॅलरीतून आत आल्या. "तुम्ही माग जवळून बघितलाय कधी?"

"सोलापुरात राहतो की मी."

"राहता. बघितलाय का?"

सरांनी बघितला नव्हता. अक्कांनीही नव्हता. माझे मालक चादरीच्या कारखान्यात माग चालवतात. झालं, दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन, रिक्षा करून तिथं हजर. मी अंग चोरून दारात उभी. आत इतका खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ही दोघं त्या आवाजाच्या वर आवाज काढून भांडतायत. कामगार हातातलं काम ठेवून बघायला लागले. अक्कांनी सरळ जाऊन मागाच्या सांगाड्यावर पंजा टेकवला आणि डोळे मिटले. माग दुरुस्त करणारा जॉबर ओरडत आला, "ओ मॅडम! हात काढा की! बोट जाईल!"

"बघितलं?" सर ओरडले. "हादरा काय विणत न्हाय, बोट तेवढं तोडतोय!"

"आणि आडवं सूत नेणारा धोटा काय बसून विणतोय का?"

"धोटा म्हंजे हादरा न्हवं!"

"आधी हलतो की नाही ते सांगा!"

"हलतोय की! पर कशानं आन कशाला!"

शेवटी कारखान्याच्या मालकानं दोघांना चहा पाजून रिक्षात बसवलं. रात्री आमचे हे जेवताना म्हणाले, "तुझ्या मॅडमला आणि त्या सरांना भांडायला घर नाही का?" मी काय सांगणार? अक्का मात्र त्या दिवसापासून आठवडाभर तळहाताकडे बघायच्या. तो हादरा हातात राहिलाय, म्हणायच्या.

लोक बोलायचे. एकटी बाई, एकटा पुरुष, रोज दुपारी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात अडवून विचारलंसुद्धा, "काय ग, काय चालतं वर?" मी खरं ते सांगितलं, प्रथिन हलतं का ह्याच्यावर भांडतात. त्यांना वाटलं मी लपवतेय.

मलाही ते खरं तर कळलं नव्हतं. एवढी शिकलेली माणसं, वय झालेलं, दुसरं काही बोलायला नाही का ह्यांना? मग एका दुपारी मी शेंगाची चटणी कुटत होते आणि अक्का उभ्यानं शेंगा सोलत होत्या. त्या आपणहून बोलायला लागल्या.

"मी कॉलेजात लागले ना, तेव्हा विभागात मी एकटीच बाई. पहिल्यांदा बैठकीत मी ह्या विषयावर बोलले. आठ दिवस तयारी केली होती. बोलून झालं. सगळे म्हणाले, छान, छान मॅडम. आणि लगेच एकानं विचारलं, उद्याच्या कार्यक्रमाची रांगोळी तुम्हीच काढाल ना?"

त्यांनी एक शेंग फोडली. दाणा कुजका निघाला, तो टाकला.

"सगळे उठायला लागले. तेवढ्यात मागं एक काळा किडकिडीत माणूस उभा राहिला. नवीनच लागलेला. म्हणाला, मला हे अजिबात पटलेलं नाही. आणि जो सुरू झाला! माझा एकेक मुद्दा काढून सोलला त्यानं. मी पण सोडलं नाही. शिपाई कुलूप घेऊन आला तरी आम्ही उभेच. घरी आईजवळ गेले आणि रडले. अव्वाला वाटलं कुणी अपमान केला. मी म्हटलं, नाही ग अव्वा, आज पहिल्यांदा कुणी केला नाही."

सरांची बाजू मी पुढे कधीतरी ऐकली, चहा द्यायला गेले तेव्हा. दोघांचा वाद नुकताच होऊन गेला होता आणि दोघं दमून बसले होते. म्हणजे सर बसले होते.

"मला बी सगळे छानच म्हणायचे, मॅडम," सर म्हणत होते. "तोंडावर. वाघमारे बोलले की माना डोलवायचे. भायेर गेलं की, कोट्यातला हाय, त्याच्याशी काय वाद घालायचा. तुमी एकट्या. भर बैठकीत म्हणालात, हा मूर्खासारखा मुद्दा आहे."

"होताच."

"व्हय, होता. पर लई बरं वाटलं."

अक्का सरांच्या रिकाम्या कपात स्वतःचा अर्धा चहा ओतून गॅलरीत निघून गेल्या.

त्यांची रेश्मा नावाची एक विद्यार्थिनी होती, इथलीच, आता पुण्याला एका प्रयोगशाळेत. अक्कांच्या सांगण्यावरून तिनं एक प्रयोग धरला होता. एन्झाइम मुद्दाम जड बनवायचं. जंतूंना जड अन्न घालून वाढवलं की त्यांच्यातलं प्रथिनही जड होतं, म्हणे. आकार तोच, विजेचे भार तेच, फक्त वजन जास्त. अक्का मला वाळत घालायच्या चादरीवर समजावायच्या, "कोरडी चादर झटक. आता ओली झटक. चादर तीच, पण ओली हळू हलते की नाही? मग जड एन्झाइम हळू थरथरणार. त्याचं कामही हळू झालं, तर हलण्याचा कामात हात आहे."

एक दिवस रेश्माचा फोन आला. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला होता. ती पोरगी रडत-हसत ओरडत होती, "अक्का, हो गया! जड वाला धीमा है! थोडासा, पण है!"

अक्कांनी मला पेढे आणायला पिटाळलं. सर आले. त्यांना पेढा दिला. त्यांनी तो बशीत ठेवला.

"फरक किती?"

अक्कांनी सांगितलं.

"थोडा हाय."

"थोडा असला तरी आहे."

सर हळू म्हणाले, "मॅडम, जड केल्यावर अणूंमधली अंतरं बी एवढीशी कमी होतात. मग खळग्याच्या भिंती सरकल्या नसतील कशावरून? तुमचा फरक हलण्यातनं न येता खळग्यातनंच आला असंल तर?"

अक्का चालता चालता थांबल्या. खोलीच्या मधोमध. इतका वेळ त्यांना एका जागी मी कधी बघितलं नव्हतं. मग त्या आल्या, सरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि रेश्माला फोन लावला. "बाळ, इतक्यात लिहू नकोस. खळगा सरकला नाही हे आधी बघावं लागेल. कसं बघायचं? तेच तर. मलाही सुचत नाहीय."

फोन ठेवून त्या सरांना म्हणाल्या, "पेढा खा आता. त्यानं काही सिद्ध होत नाही."

मला वाईट वाटलं. मी आत जाऊन डोळे पुसले. इतक्या वर्षांनी बाईच्या हातात काहीतरी आलं होतं आणि ह्या माणसानं एका प्रश्नात ते काढून घेतलं. पण अक्का त्या आठवड्यात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला निघालेल्या लहान पोरीसारख्या आनंदात होत्या. गुणगुणत होत्या. मी न राहवून विचारलं तर म्हणाल्या, "पद्मा, तो माणूस गप्प बसून पेढा खाऊ शकला असता ग. त्यानं खाल्ला नाही."

ते शेवटचं चांगलं वर्ष.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांचं जेवण तुटलं. आधी म्हणाल्या ऊन आहे. मग साडी अंगावर राहीना. डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली, आणि ती पसरल्याचं सांगितलं. दवाखान्यात राहून काही होणार नव्हतं, तेव्हा त्यांनी घरीच आणायला लावलं. दुधनीहून त्यांचा भाचा बसवराज आणि त्याची बायको येऊन राहिली. पलंग गॅलरीच्या दाराशी लावला. घरभर चालणारी बाई आता कुशीवर वळायलाही माझा हात मागायची.

सर रोज यायला लागले, पाण्याच्या दिवशीसुद्धा. सुरुवातीला भांडले. थोडं थोडं. अक्कांचा आवाज खोल गेला होता, पण मुद्दा सुटत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, सर आपलं वाक्य अर्धंच सोडतात. अक्का काही म्हणाल्या की "असेल, असेल" म्हणतात. शुद्धच बोलतात. हाय नाही, लई नाही.

"वाघमारे," एकदा अक्का म्हणाल्या, "आज तुमचं फार असेल-असेल चाललंय."

सर हसले. बघवत नव्हतं ते हसणं.

आणि मग ती दुपार. मी आंबिलीचा कप घेऊन दारात आले होते. सर पलंगाशेजारच्या स्टुलावर होते. सर एकदम म्हणाले, "शांता."

इतक्या वर्षांत त्यांनी अक्कांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. अक्कांनी डोळे उघडले.

"शांता, तुझंच बरोबर होतं. मी मानतो. हलण्याचा हात असतो."

"नवीन काही आलंय का?"

"नाही."

"रेश्मानं काही कळवलं?"

"नाही."

"मग कशावरून?"

सरांनी अक्कांच्या हातावर हात ठेवला. "असंच. इतकी वर्षं झाली. मला वाटतं... तुझं बरोबर असावं."

अक्कांनी हात काढून घेतला. तेवढी ताकद कुठून आली, कोण जाणे. "मॅडम म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि घरी जा."

सर गेले. जिन्यावर त्यांची पावलं थांबत थांबत उतरताना मला ऐकू येत होती. मी कप घेऊन तशीच उभी. अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मी जाणार हे डॉक्टरनं मला सांगितलं होतं, पद्मा. पण मला ते खरं नव्हतं वाटलं. आज ह्यांनी सांगितलं."

मी म्हटलं, "अक्का, सरांनी मायेनं..."

"साकु," त्या म्हणाल्या. म्हणजे पुरे. "मायेनंच. मायेनं मला सगळेच छान म्हणत होते ग. ह्या एकाच माणसासमोर मी खरी होते. त्यानं आज मला आजारी बाई केलं."

त्यानंतर सर आले नाहीत. अक्कांनी विचारलं नाही. पण चार वाजता जिन्यात कुणाची चाहूल लागली की त्यांची मान दाराकडे वळायची, आणि भाजीवाला किंवा शेजारचं पोरगं निघालं की परत भिंतीकडे. रेश्माचा फोन आला, त्यांनी घेतला नाही. आंबील दोन घोटांवर आली. बसवराजची बायको म्हणायची, आत्यांनी आता ओढ सोडली. ओढ सोडली नव्हती. एकाच गोष्टीची ओढ होती, आणि ती मला एकटीला माहीत होती.

म्हणून मी सरांच्या घरी गेले. एकट्या पुरुषमाणसाच्या दारात उभं राहून बोलायचं, हे मी जन्मात केलं नव्हतं. सरांनी दाढी केली नव्हती. घरात दिवसाउजेडी पडदे ओढलेले.

मी उंबऱ्यावरून म्हटलं, "सर, अक्कांना सांगा की त्यांचं चुकलंय."

त्यांनी पाणी दिलं. स्वतःही घेतलं, पण पेला तसाच हातात धरला. "पद्माबाई, भांडायला बसलो की त्यांच्या मनगटाकडं लक्ष जातं. बांगडी कोपरापर्यंत सरकते. मग वाक्य अर्धंच सुटतं. मी खोटं बोललो, ते त्यांना कळलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी पेला उंबऱ्यावर ठेवला. मी परत आले.

सर आले, पण तोवर अक्कांची शुद्ध येत-जात होती, आणि जास्त करून जातच होती. घरात दुधनीची माणसं जमली होती. अक्कांच्या कपाळाला विभूती लावली होती. बायका हळू आवाजात कानडीतून काहीतरी म्हणत होत्या. सर सगळ्यांमधून वाट काढत आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कॉलेजात तासाला जावं तसे. स्टूल ओढून बसले आणि मोठ्या आवाजात म्हणाले,

"मॅडम. त्या दिवशी बोललो ते मी मागं घेतो. ते खोटं होतं. तुमचं चुकलंय. का चुकलंय ते सांगतो. तीन मुद्दे हायत."

बसवराज पुढे आला. "सर, काय हे? जाणाऱ्या माणसाला असं बोलतात का? आता तरी राहू द्या."

एक म्हातारी म्हणाली, "ह्यापेक्षा वैरी बरा."

"बोलू द्या त्यांना," कुणीतरी म्हणालं. सगळी माणसं माझ्याकडे वळली, तेव्हा मला कळलं की ते मीच म्हणाले होते. "अक्कांना तेच हवंय," मी म्हटलं. बसवराज बाजूला झाला.

सरांनी पहिला मुद्दा मांडला. खळग्याचा, विजेच्या भारांचा, घाटाचा. आवाज वर्गातला, वाक्य पूर्ण. बोलता बोलता ते मधेच थांबायचे. मला आधी वाटलं, त्यांना दम लागतो. मग लक्षात आलं. अक्का जिथं जिथं मधे तोंड घालायच्या, तिथं तिथं ते थांबत होते. तेवढी जागा सोडत होते. थोडा वेळ वाट बघायची आणि पुढे जायचं.

अशाच एका ठिकाणी ते थांबले आणि चादरीवरचं अक्कांचं बोट हललं.

"हललं, हललं!" बसवराजची बायको ओरडली. "बघा, आत्या ऐकतायत! त्यांना कळतंय सगळं!"

माणसं पलंगाभोवती वाकली. सरांनीही वाकून बघितलं. बोट परत हललं, थोडंसं, चादरीला आत ओढल्यासारखं. सर इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता हे हो म्हणणार. सगळ्या खोलीला त्यांच्या तोंडून तेवढंच हवं होतं. त्यांना स्वतःला किती हवं होतं, ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

त्यांनी मान हलवली. "न्हाय ओ. नुसतं हलतंय ते. हलण्यावरनं तसं म्हणता येत न्हाय."

आणि मग अक्कांच्या कानाशी तोंड नेऊन, आवाज फुटत होता तरी, "मॅडम, आता तुमी म्हणा की, हलणं म्हंजेच काम हाय. उठा आन म्हणा. मी हितंच हाय."

अक्का काही म्हणाल्या नाहीत. सरांनी तेवढी जागा सोडली. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि दुसरा मुद्दा सुरू केला. अक्कांचं बोट चादरीवर हलत होतं. मी बघत राहिले. ते काय होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.